चव बापाची की चाऱ्याची?

घाटावर चिखली-मेहकरकडं जा, नाहीतर घाटाखाली मोताळा-नांदुऱ्याकडं. सोयाबीन निघालं, पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली की मोकळ्या रानात मेंढ्या बसलेल्या दिसतात. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढपाळाला बोलावतो, रात्रीच्या हिशेबानं धान्य नाहीतर पैसे देतो. लोकरीला आता गिऱ्हाईक नाही; कातरणाऱ्याची मजुरीही तिच्यातून सुटत नाही. म्हणजे मेंढी पाळायची ती खतासाठी आणि मांसासाठी. आणि गंमत अशी की याच भागात मटणाच्या दुकानासमोर उभं राहिलं तर मेंढीचं नाव सहसा कुणी काढत नाही. कंदुरी असो, जावयाचा पाहुणचार असो की सोसायटीची निवडणूक जिंकल्यावरची पार्टी असो, बोकडच पाहिजे. जाणतं गिऱ्हाईक तर, मेंढी नाही ना म्हणून, टांगलेल्या धडाची शेपूट बघितल्याशिवाय पुढं बोलत नाही.

2019 च्या पशुगणनेत देशात शेळ्या 14.9 कोटींच्या घरात आणि मेंढ्या 7.4 कोटी निघाल्या. महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर आहेत, मेंढ्या 27 लाखांच्या आसपास. ज्या जनावराचं मांस लोक नाव घेऊन मागतही नाहीत, त्याच्या मांसाचा दर्जा वंशातून सुधारायची भाषा कुणी आणि कशासाठी करावी? या प्रश्नावर मी मेंढपाळांची आणि पशुवैद्यांची बरीच तोंडं एकमेकांविरुद्ध चालताना ऐकली आहेत. खालचा वाद त्यातूनच बेतला आहे. मामा घाटावरचे, जन्म मेंढरामागं गेलेला. भाची पशुवैद्यक, अकोल्याला पशुअनुवंशशास्त्रात एम.व्ही.एस्सी. केलेली. दोघं कुणा एकाची नक्कल नाहीत म्हणून नावं देत नाही. वादाचं निमित्त साडेतीन महिन्यांचं एक नर कोकरू. व्यापारी बांधावर येऊन बसला आहे.

भाची : मामा, त्या भुऱ्या कानाच्या नराला आज बाजूला काढा. बाकीचे द्या.

मामा : काऊन वं माय? त्याचेच तं सात हजार म्हनून राह्यला थो. बाकीच्याईचे पाच-साडेपाच.

भाची : म्हणूनच म्हणते. एकाच महिन्यात जन्मलेली, एकाच रानात चरलेली पोरं. त्यातलं हेच सगळ्यात आधी भरलं. आणि सगळ्यात आधी हेच गाडीत चढणार. मग पुढच्या वर्षी मेंढ्यांवर कोण सोडणार? जो विकला गेला नाही तो.

मामा : असं नाई. मी पाहून ठेवतो बेन्याचा मेंढा. त्याची माय दुधाची पाहतो, पाय पाहतो, चालते कसा थे पाहतो. माह्या बापानं बी तसंच केलं.

भाची : आजोबांच्या वेळेला तीन-चार महिन्यांचं कोकरू कुणी मागत नव्हतं. तेव्हा पारखायला वर्षभर हातात होतं. आता तुमच्याआधी व्यापारी पारखतो.

व्यापारी खरंच पारखत होता, आणि ते बघण्यासारखं असतं. कोकरू गुडघ्यांत दाबायचं, शेवटच्या बरगडीच्या मागं कंबरेवर मूठ ठेवायची, अंगठा मणक्याच्या धारेवर आणि बोटं खालून आडव्या हाडांच्या टोकांशी. टोकं टोचली की मूठ लगेच सुटते आणि भाव पडतो. टोकं मांसात बुडालेली असली तर चेहऱ्यावर काही न दाखवता हात शेपटीच्या मुळाशी जातो, तिथली चरबी चिमटीत येते. मग पोटाखाली हात घालून एकदा उचलायचं. काटा नाही, कागद नाही. उक्ता आकडा. वीस किलोच्या जिवाला नऊ-साडेनऊ किलो उतारा पडेल की नाही, हे त्या मुठीला कळलेलं असतं.

भाची : त्या बोटांनी जे वाचलं ना, तेच परदेशात अल्ट्रासाऊंड लावून वाचतात. पाठीच्या स्नायूची जाडी किती, वर चरबीचा थर किती. फरक एवढाच की ते लिहून ठेवतात आणि त्यावरून बाप निवडतात. आपल्याकडं त्या ज्ञानावरून बाप कापायला जातो.

मामा : लिहून कायचं होते? मटन बापावर नाई, चाऱ्यावर बनते. चैतात बाभळीच्या शेंगा पडल्या का मेंढरू पाय कसं भरते. घाटातलं पवना-मारवेल खाल्लेलं जनावर अन् बांधावरच्या उरल्यासुरल्यावर जगलेलं, दोघाईच्या रश्श्यात फरक हाय. पऱ्हाटीचं बियानं किती बी भारी आनलं तरी पानी नाई आलं तं बोंडं लागतात काय?

भाची : नाही लागत. पण पाणी सारखं दिलं तरी दोन बियाणी सारखी येत नाहीत, हेही तुम्हीच सांगता. मेंढरांच्या वाढीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्सा बापजाद्यांकडून आलेला असतो. बाकीचा चारा, पाणी, जंत, रोगराई, आईचं दूध.

मामा : मंग तीन हिस्से माहे झाले ना! पाव हिश्शासाठी सात हजार सोडू?

भाची : तुमचे तीन हिस्से दरसाल नव्यानं कमवावे लागतात. एक पावसाळा चुकला की गेले. पाव हिस्सा साचत जातो. एक मेंढी वर्षाला एक पोर देणार, मेंढा तीस-चाळीस. चांगला ठेवला तर त्याचं निम्मं प्रत्येक पोरात उतरतं, आणि तुमच्या माद्या तर विकल्या जात नाहीत, त्या कळपातच राहतात. वाईट ठेवला तर तेही साचतं.

मामा : हे वाढीचं झालं. तू तं म्हनत होती चव बी बापाकून येते.

इथं भाचीला जरा थांबावं लागलं, आणि ते बरोबरच होतं. वजन आणि चव या दोन गोष्टी एका दमात बोलल्या जातात. पण वंशाच्या हिशेबात त्या वेगळ्या आहेत. कधी कधी तर एकमेकींच्या विरोधात.

भाची : मांसाच्या आत, तंतूंच्या मध्ये जी बारीक चरबी असते, तिच्यात वंशाचा वाटा वाढीपेक्षाही जास्त निघाला आहे. काही ठिकाणी जवळजवळ निम्मा. मऊपणात त्याहून कमी. वासाचं म्हणाल तर मेंढीचा म्हणून जो वास येतो तो चरबीतल्या काही विशिष्ट आम्लांचा. वय वाढलेल्या, खसी न केलेल्या नरात तो जास्त. त्यात चाऱ्याचाही हात असतो, तुमचं ते खरं.

मामा : म्हनजे म्हातारा मेंढा वास मारते. हे सांगाले अकोल्याले जा लागते काय?

भाची : थांबा. 1983 साली अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात, डॉर्सेट जातीचा एक मेंढा जन्मला. नाव ठेवलं 'सॉलिड गोल्ड'. मागचे पुठ्ठे असे गच्च की लोक बघत राहिले. चरबी कमी, मांस जास्त, खाल्लेल्या चाऱ्याचं मांस इतरांपेक्षा जास्त. त्याची पोरंही तशीच निघाली. शोधत गेले तर अठराव्या गुणसूत्रावर एका अक्षराचा फरक. आणि तोही विचित्र. बापाकडून आला आणि आईकडची प्रत साधी असली तरच पुठ्ठे दिसतात. आईकडून आला तर नाही. दोघांकडून आला तरी नाही.

मामा : दोघाईकून आला तरी नाई? मंग हे कायचं गनित?

भाची : गणित समजायलाच संशोधकांची बरीच वर्षं गेली. पण ऐका पुढं. असा मेंढा मिळाल्यावर सगळीकडं त्याचंच बेणं जायला पाहिजे होतं की नाही?

मामा : गेलंच असन.

भाची : नाही गेलं. पाठीचं मांस चिवट निघालं. जनावर कापल्यावर मांसात एक पाचक काम करतो, कॅल्पेन म्हणतात त्याला. तो तंतू हळूहळू तोडतो, म्हणून मांस मऊ पडतं. त्याला लगाम घालणारा दुसरा असतो, कॅल्पास्टॅटिन. या मेंढ्यांत तो लगामच भारी. जनावर जिवंत असताना त्यामुळंच मांस झिजत नाही आणि अंग भरतं. कापल्यावर त्याच कारणानं मऊ पडत नाही.

मामा : म्हनजे पुठ्ठे पाहून घेतलं अन् खाताना दात हलले. आमचा व्यापारी बी तेच करते, बोटानं पाहते. मंग त्याच्या बोटाले चव कळत नाई, असंच ना?

भाची : नाही कळत. तेच सांगते आहे.

खरं तर हे मामांच्या बाजूचं बोलणं झालं, पण भाचीनं ते लपवलं नाही. तिच्याकडं अशा आणखी गोष्टी होत्या. युरोपातल्या टेक्सेल मेंढीत स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातच बदल सापडला, 2006 साली तो प्रसिद्ध झाला; तिथं मांस वाढतं आणि चरबी घटते. ऑस्ट्रेलियात चरबी कमी आणि अंग मोठं या दोन गुणांसाठी दशकानुदशकं मेंढे निवडले गेले. त्यात यश आलं, आणि यशाबरोबर कोरडं मांसही आलं. मग लक्षात आलं की तंतूंमधली ती बारीक चरबी चार-पाच टक्क्यांच्या खाली गेली की खाणाऱ्याला घास रुचत नाही. आता तिथं मेंढ्याच्या दाखल्यावर वजनासोबत आतल्या चरबीचा आणि मऊपणाचाही आकडा असतो. तो काढणं सोपं नाही. वजन जिवंत जनावराचं घेता येतं, चव मात्र मेल्यावरच कळते. आणि ज्याची चव कळली त्याचं बेणं राहिलेलं नसतं. म्हणून हजारो भावंडं कापून, त्यांचं मांस मोजून, रक्तातल्या खुणांशी ताडून एक जंत्री तयार करावी लागली. तिच्यावरून आज जिवंत मेंढ्याच्या कानाच्या चकतीवरून त्याच्या पोरांचं मांस कसं असेल याचा अंदाज बांधतात. एवढा खर्च तिथं निघतो, कारण तिथला उद्योग मांसाची प्रत लावायला आणि तिच्यावर पैसे खर्चायला तयार आहे.

मामा : थे मटन किती दिवस ठेवतेत?

भाची : थंड खोलीत. पाच दिवस, दहा दिवस. तेवढ्यात कॅल्पेन आपलं काम करतो.

मामा : आपल्या अठी?

भाची : ...

मामा : सांग ना. सकाळी सहाले कापलं, दहाले खपलं, बारा वाजता ताटात. तुह्या त्या कॅल्पेनले कवा टाइम भेटते? अन् आपन काय पाठीचा तुकडा काढून निखाऱ्यावर भाजून खातो? हाडासकट तुकडे, कुकरच्या आठ शिट्ट्या. कोवळं असन तं पाच. निबर असन तं बारा. झालं मऊ.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे, आणि थोडं सविस्तर सांगतो. मांसाच्या दर्जाचं जे शास्त्र जगभर उभं राहिलं ते भाजून खाणाऱ्यांनी उभं केलं. त्यांची चाचणी म्हणजे पाठीचा एक तुकडा, ठराविक दिवस थंडीत मुरवलेला, ठराविक मिनिटं भाजलेला, यंत्रानं कापून किती जोर लागला ते मोजलेला. त्यात जनुकाजनुकाचा फरक स्वच्छ दिसतो. आपल्या हंडीत तो फरक पोचेपर्यंत त्याचं काय उरतं? ताजं, गरम मांस. तंतू तुटायला वेळच नाही. मग चिवटपणा ठरतो तो मुख्यतः जनावराच्या वयावर, म्हणजे तंतूंना बांधणारी जाळी किती पक्की झाली आहे त्यावर, आणि ती जाळी ओल्या उष्णतेत विरघळून रश्श्याला दाटपणा देते. निबर मेंढीचं मटण कुकरनं सुधारतं. 'सॉलिड गोल्ड'च्या वंशाचं पाठीचं मांसही बहुधा आपल्या आठ शिट्ट्यांपुढं नरमलं असतं. वर लाल तर्री. वऱ्हाडी तर्रीखाली किती गुण आणि किती दोष झाकले जातात याची मोजदाद कुठल्याच यंत्रानं होणार नाही. आपल्याकडं मऊपणाच्या जनुकामागं लागणं, निदान आज तरी, पैसे वाया घालवणं आहे.

पण आतल्या चरबीचं तसं नाही. रश्श्यातही ती कळते. कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचं, म्हणजे मंड्याकडच्या त्या बुटक्या, गोल अंगाच्या मेंढीचं मटण दक्षिणेत नाव घेऊन मागतात. तिथं गिऱ्हाईक शेपूट बघून तोंड फिरवत नाही. आपली दख्खनी काळी, काटक, उंच पायांची, रोज कोसकोस चालणारी. तिच्या अंगावर चरबी टिकायला तिला सवड कुठली?

भाची : बरं, मऊपणा सोडला. पण एक सांगा मामा, म्हाताऱ्या मेंढीचं आणि या कोकराचं मटण दुकानात एकाच भावानं जातं की नाही?

मामा : एकाच. बोकडाची पाटी लावली का समदं एकाच भावानं.

भाची : मग चांगलं जनावर तयार करणाऱ्याला काय मिळालं?

मामा : हेच मी तुले मघापासून सांगून राह्यलो! चवीचे पैसे कोनी देत नाई. थो बोटानं मोजते, थे मांसाचे पैसे. वरचे तीन माणसं दलाली खातात. अन् तू मले सांगते चवीचा बाप सांभाळ.

भाची : मी चवीचा बाप सांभाळा म्हटलंच नाही. तुम्ही चवीवर नेलं. मी म्हटलं, लवकर भरणारा सांभाळा. तो तुमच्या बाजारात चालतो. लवकर भरला म्हणजे कोवळा असतानाच वजनाला पोचला. आणि कोवळा म्हणजे मऊ, कमी वासाचा. चवीसाठी वेगळं जनुक शोधायची गरजच नाही. वाढीतून ती आपोआप थोडी येते.

मला वाटतं सगळ्या वादातलं सर्वात कामाचं वाक्य हेच. मामांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विषय फलटणला नेला.

मामा : फलटनची लोकं बी असंच सांगत होती. बंगालची मेंढी आनली अन् दोन-दोन पोरं काढली.

भाची : बोललात ते बरं झालं. निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम ते. सुंदरबनातली गरोळ मेंढी. दहा-पंधरा किलोची, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातलं एकच जनुक दख्खनीत उतरवलं. 1990 च्या दशकात सुरुवात झाली. चंदा निंबकरांनी त्यावर आयुष्य घातलं. पुढं 'नारी सुवर्णा' म्हणून वाण निघाला. त्या जनुकाची एक प्रत असलेली मेंढी सरासरी दीडेक कोकरू देते, आपली एकच देते.

मामा : बंगालची मेंढी ऑस्ट्रेलियात बी गेली म्हने?

भाची : 1792-93 मध्ये कलकत्त्याहून जहाजानं. तिथं बुरुला नावाच्या कळपात जुळी देणाऱ्या मेंढ्या निघाल्या. 2001 मध्ये त्यांचं जनुक नेमकं सापडलं, आणि लगेच दुसऱ्या वर्षी गरोळमध्ये तपासलं तर तोच बदल. म्हणजे बहुधा आपल्याकडूनच गेलेलं बेणं. बघा, रक्ताच्या थेंबावरून कळतं की ही मेंढी जुळी देईल. चव जशी मेल्यावर कळते तसं हे नाही.

मामा : अन् दोन पोराईले दूध? मार्चात पान्याचा टँकर माणसाले येते गावात. माही मेंढी दिवसभर चालते. एक पोर कसंबसं पोसते. दोन झाले तं दोन्ही रोडके. बोटानं पाहिलं का हाडं टोचतात. दोन रोडक्याचे मिळून एका भरल्याएवढे आले, पन मेहनत दुप्पट.

भाची : घरी खुराक देणाऱ्याला, बंदिस्त पाळणाऱ्याला ते परवडतं. फिरत्या कळपाला सगळ्याच मेंढ्या तशा नकोत, मान्य. म्हणून तर तुम्हाला बाहेरचं काहीच आणायला सांगत नाही. तुमच्याच कळपातलं सांगते.

मामा : बाहेरचं मी बी आनलं होतं. सांगली भागातला माडग्याळ. उंच, राघूसारखं नाक. पोरं वजनात भारी निघाली, खोटं बोलत नाई. पन आपल्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, खुरं सडली. थो मेंढा दुसरा पावसाळा पाहू शकला नाई.

माडग्याळ जत तालुक्यातला. तिकडची जमीन कोरडी, निचऱ्याची. आपल्या पूर्णा खोऱ्यातली काळी जमीन पावसात पाय धरून ठेवते, म्हणून तर आपले कळप पावसाळ्यात घाटाकडं सरकतात. त्यात अभयारण्याची चराईबंदी आली की जागा आणखी आखडते. मांस देणारा वंश पायावर उभा राहील तर मांस देईल. माडग्याळच्या भावाचीही एक गंमत आहे. 2020 च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची बोली झाल्याची बातमी राज्यभर फिरली, मालकाला ती कमी वाटली. तो पैसा कशाचा होता? नाकाच्या बाकाचा, उंचीचा, मालकाच्या मिशीचा. हौसेनं वंश टिकतो हे खरं, बैलांत आपण ते पाहिलं आहे. पण नाकावर निवड करत राहिलं तर नाकच सुधारतं.

भाची : सरकारच्या महामेष योजनेतून मिळालेल्या मेंढ्या आहेत ना शेजारच्या वाड्यात?

मामा : हाय. वीस मेंढ्या अन् एक नर. पंच्याहत्तर टक्के सूट.

भाची : किती वर्षं झाली?

मामा : चार-पाच.

भाची : नर बदलला?

मामा : ...कायले बदलते? चांगला हाय.

भाची : म्हणजे त्याच्या लेकी त्याच्याच खाली. नातीही आल्या असतील. मग कोकरं मरतुकडी निघतात आणि लोक म्हणतात सरकारी बेणं वाईट. मामा, फरक असेल तरच निवड. सगळेच एकमेकांचे सख्खे झाले तर तुम्ही कुणातून काय निवडणार? चांगलं मांस, वाईट मांस ही पुढची गोष्ट. आधी कळपात वेगवेगळं रक्त पाहिजे.

मामा : हे पटते मले. थो पोट्टा मले विचारतच नाई, नाईतं मीच सांगितलं असतं.

भाची : मग आता सांगा. तुमचा हा भुऱ्या कानाचा त्याच्या मेंढ्यांवर. त्याचा एखादा नर तुमच्यावर. पाण्याच्या टाकीजवळचा तिसरा वाडा तोही घ्या. तीन कळप, तीन नर, दरसाल पुढं सरकवायचे. पोरांच्या कानात बिल्ले, जन्मल्यावर एकदा वजन, तीन महिन्यांनी एकदा. काटा मी आणते.

मामा : अन् हा नर मोठा होईपर्यंत पोसायचा खर्च? मेला तं? फऱ्या आला, पीपीआर आला, कुत्र्यानं धरला तं? व्यापारी तं आज देऊन राह्यला. नगद.

भाची : लस मी टोचते. खर्च तिघांत वाटा. सात हजार म्हणताय ना? तुमचे दोन हजार तीनशे, बाकी दोघांचे तेवढेच तेवढे. ते दोघं तुम्हाला त्यांचा वाटा आज देतील.

मामा : थे देनार नाईत. मेंढा पाहतीन, कान पाहतीन, म्हनतीन हा काळा नाई, घोंगडीच्या कामाचा नाई.

भाची : घोंगडी कोण विणतं आता?

मामा : कोनी नाई. पन म्हनतीन.

हा अडसर पुस्तकात नसतो. रंगाची निवड घोंगडीसाठी होती. घोंगडी गेली, निवड राहिली. भुऱ्या कानाचा नर कितीही लवकर भरला तरी 'आपल्यातला' वाटत नाही, म्हणून आधी विकला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याची वाढही जाते. जनुकं काही कानाचा रंग बघून वाटली जात नाहीत, पण माणसं तशीच बघतात.

व्यापाऱ्यानं दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. त्याला पुढं खामगावच्या बाजूला आणखी दोन वाडे करायचे होते. सात हजार दोनशे म्हणाला.

मामा : आइकलं? दोनशे वाढले.

भाची : त्याच्या बोटांना जे कळलं ते तुम्हाला आता कळलं.

मामा : अन् याच्या पोराईत काही निघालंच नाई तं? पाव हिस्सा म्हनते तू. पाव हिस्सा म्हनजे चुकू बी शकते.

भाची : चुकू शकतो. म्हणून तर वजनं लिहायची. पहिली पंधरा-वीस पोरं तीन महिन्यांची झाली की त्यांची दुसऱ्या नराच्या पोरांशी तुलना करू. कमी निघाली तर हाही गाडीत. तोवर तो तीस-पस्तीस किलोचा झालेला असेल, ईदेच्या वेळेला आजच्यापेक्षा जास्तच देईल.

मामा : जगला तं.

भाची : जगला तर.

मामा : ओ शेठ, आज मधले पाच घेऊन जा. भुऱ्या कानाचा नाई देत. ... अन् तू, थ्या दोघाईकडं नंतर जाऊ. आधी तुह्या वाट्याचे दोन हजार तीनशे काढ. तिसरा वाटा त्याईचा नाई, तुहाच धरतो मी. वजन तुले पाहिजे ना?